असू दे, असू दे

मागच्या वर्षी घरात पूजा होती, त्या दिवशी पुतण्याची नवी बायको माझ्या पाया पडली आणि मी तिला जे काही बोलले ते आठवलं की मला अजून कसंतरीच होतं. पूजा आटोपली होती, गुरुजींनी नेहमीचं "आता मोठ्यांच्या पाया पडून घ्या" म्हटलं, मी सवयीने भिंतीकडे सरकले कारण 'मोठे' म्हणजे कायम दुसरं कुणीतरी असतं, आणि ती थेट माझ्यासमोर येऊन वाकली. मी इकडेतिकडे बघितलं. सासूबाई जाऊन वर्ष झालेलं, मोठ्या जाऊबाई आतल्या खोलीत, म्हणजे त्या क्षणी तिथे सगळ्यात मोठी बाई मीच होते. आणि माझ्या तोंडून काय निघालं, तर "असू दे, असू दे, अगं राहू दे गं". जणू ती हॉटेलात माझं बिल भरायला निघाली होती आणि मी तिचा हात धरत होते.

ती बिचारी हसली आणि पुढे गेली. मी मात्र दिवसभर खजील.

तसं आशीर्वाद घेण्यात मी एकदम तरबेज. कुणासमोर वाकायचं, कुणाला नुसते हात जोडायचे, कुणाच्या पायाला हात लावलेला त्यांना आवडत नाही, हे सगळं लहानपणीच अंगात भिनलेलं. द्यायचा कसा ते मात्र कुणी शिकवत नाही. घेणाऱ्यांच्या रांगेतून देणाऱ्यांच्या रांगेत आपली बदली कधी झाली याची ऑर्डर येत नाही, एक दिवस समोरचं डोकं खाली जातं आणि आपला हात हवेत लटकलेला असतो. (तो हात ठेवायचा तरी कुठे? डोक्यावर ठेवला तर तिचे केस विस्कटतात, खांद्यावर थोपटलं तर आपण क्रिकेटचे कोच दिसतो.)

गुरुजी सामान आवरत होते तेव्हा मी त्यांना सरळच विचारलं, की गुरुजी तुम्ही आशीर्वाद देता म्हणजे नक्की काय करता हो? ते जरा चपापले आणि मग म्हणाले, "मी कुठे देतो? तुम्ही मागता, मी म्हणतो."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. कारण नंतर मी पुण्याहवाचनाची पोथी उघडून नीट वाचली, जी मी आयुष्यात कमीत कमी पन्नास वेळा कानाने ऐकली असेल आणि एकदाही ऐकलेली नव्हती, तर त्यात खरंच तसंच आहे. यजमान आधी म्हणतो, मी महाजनांना नमस्कार करतोय, 'आशीर्वचनमपेक्षमाणाय', म्हणजे आशीर्वादाच्या शब्दांची वाट बघत उभा आहे, तर माझ्या या कर्माचं पुण्याह, म्हणजे 'दिवस शुभ आहे', असं तुम्ही म्हणा, 'भवन्तो ब्रुवन्तु'. मग ब्राह्मण म्हणतात 'ओम् पुण्याहम्'. तीन वेळा. मग तसंच स्वस्ति म्हणा, मग ऋद्धि म्हणा, दर वेळी आधी मागणं आणि मग देणं. म्हणजे अख्खा विधी संवादाचा आहे, प्रश्नोत्तरासारखा, आणि आपण काय करतो तर यजमानाचे संवादही गुरुजीच म्हणून टाकतात आणि यजमान फोटोग्राफरकडे बघत असतो. मागणाऱ्याने मागितलंच नाही, देणाऱ्याने मात्र दिलं, असा तो मामला होतो. त्यात गुरुजींची चूक नाही, आम्हाला संस्कृत येत नाही आणि घाई असते, पण मूळ रचनेत आशीर्वाद आपोआप पडणारा पाऊस नाही एवढं मला पहिल्यांदा कळलं. तिथे कुणीतरी तोंड उघडून मागायचं असतं.

आणि मागताना स्वतःचं नाव सांगायचं असतं. हे तर आणखी गमतीदार. जुन्या रीतीत नमस्कार करणारा म्हणतो, मी देवदत्त अभिवादन करतो, आणि समोरचा उत्तर देतो 'आयुष्मान् एधि देवदत्त३'. तो शेवटचा ३ टायपो नाहीये. नावाचा शेवटचा स्वर तीन मात्रा लांबवायचा, त्याला प्लुत म्हणतात, आणि तो लांबवलेला स्वर दाखवायला अक्षराशेजारी आकडा लिहितात. पाणिनीने अष्टाध्यायीत यासाठी वेगळं सूत्र लिहून ठेवलंय. मला हे फार आवडलं. दीर्घायुष्य चिंतायचं ज्याला, त्याचं नावच तोंडात लांब करायचं. आई लांबून हाक मारते तेव्हा नावाचं जे होतं तेच.

पण आवडून संपेपर्यंत पुढचं वाचलं. त्या सूत्रातच अपवाद आहे, शूद्राला उत्तर देताना हे करायचं नाही. आणि पुढे वार्तिकात, म्हणजे सूत्रांवरच्या पुरवणी टिपांत, बायकांनाही वगळलंय. पतंजलीने अष्टाध्यायीवरच्या महाभाष्याच्या सुरुवातीला व्याकरण का शिकावं याची जी कारणं दिलीत त्यात एक हे आहे की ज्यांना आशीर्वाद देताना नावातला प्लुत करता येत नाही अशा अडाण्यांना, प्रवासातून आल्यावर, बायकांना करतात तसा साधाच नमस्कार करावा. म्हणजे व्याकरण शिका, नाहीतर तुमचा नंबर आमच्यात लागेल! दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं वाक्य आणि मला ते वाचताना कानशिलं गरम झाली. आशीर्वादालाही पंगती होत्या. कुणाचं नाव तीन मात्रा लांबवायचं आणि कुणाचं आखूडच ठेवायचं हे ठरलेलं होतं.

आणि शब्द तरी काय वाट्याला आले? ऋग्वेदातल्या विवाहसूक्तात इंद्राला विनवलंय की हिला दहा मुलगे होऊ देत आणि नवरा अकरावा कर. दहाचे पुढे आठ झाले, 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव'. पुरुषाला म्हणायचं शतायुषी हो आणि बाईला म्हणायचं तुझा नवरा जगो. माझी एक आत्या होती, पूजेच्या सगळ्या तयारीत पहाटेपासून राबायची, सोवळ्यातलं सगळं तिला तोंडपाठ, आणि अक्षता वाटायची वेळ आली की नेमकी उठून आत जायची. लहानपणी मला वाटायचं तिला आत काम असतं. ती विधवा होती. तिला कुणी 'जा' म्हटलेलं मी एकदाही ऐकलं नाही, आणि 'थांब' म्हटलेलंही नाही. अक्षता म्हणजे न मोडलेले, अख्खे दाणे. ती मुठीत घेऊन आम्ही उभे असायचो आणि खोलीतून एक माणूस कमी झालेला असायचा. आज मला वाटतं त्या घरातला सगळ्यात जड आशीर्वाद तिच्याकडेच होता आणि आम्ही तो कधी मागितलाच नाही.

असो. विषय भरकटतोय, पण हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं.

आशीर्वादाचं व्याकरण म्हणून जी गोष्ट मला सगळ्यात जास्त खिळवून गेली ती मराठीतच आहे, संस्कृतापर्यंत जायचीसुद्धा गरज नाही. होवो, राहो, लाभो, मिळो, जावो. हा जो शेवटचा 'ओ' आहे ना, तो आपण रोजच्या बोलण्यात जवळपास कधीच वापरत नाही. भाजी आणो, गाडी येवो असं कुणी म्हणत नाही. तो 'ओ' राखीव आहे, एक तर आशीर्वादासाठी नाहीतर शापासाठी. 'तुझं भलं होवो' आणि 'तुझं वाटोळं होवो', क्रियापद तेच, रूप तेच, म्हणजे बंदूक एकच, गोळी वेगळी. संस्कृतात तर आशीर्वादासाठी क्रियापदाचं एक वेगळं रूपच आहे, आशीर्लिङ् नावाचं. म्हणजे या लोकांना हे जाणवलं होतं की आशीर्वाद ना आज्ञा आहे ना भविष्य. 'सुखी होशील' म्हटलं तर ते ज्योतिष झालं. नुसतं 'सुखी हो' म्हटलं तर हुकुमासारखं वाटतं, अर्थात आपण तेही आशीर्वाद म्हणूनच ऐकतो. पण 'होवो' म्हटलं की बोलणारा हळूच बाजूला होतो. हे माझ्या हातात नाही, पण माझी इच्छा अशी आहे, हे सगळं त्या एका 'ओ'त मावतं.

आता पसायदान आठवा. शके १२१२, म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरी पूर्ण होताना शेवटी जे मागितलंय ते. आपण सगळ्यांनी ते शाळेत इतक्या वेळा रांगेत उभं राहून म्हटलंय की त्याचा अर्थ लागणं बंद झालंय. पण नुसती क्रियापदं बघा. सांडो, वाढो, पडो, जावो, पाहो, लाहो. ओ, ओ, ओ. खळांचा नाश होवो असं नाही हं, खळांची व्यंकटी सांडो, त्यांच्यातला तिढा तेवढा गळून पडो. सगळं मागणं असं 'ओ'च्या वाटेने चाललंय आणि शेवटच्या ओवीत विश्वेश्वर बोलतो. काय म्हणतो? 'हा होईल दान पसावो'. होईल! इतका वेळ माणूस होवो-जावो करत होता, देवाने पहिल्यांदा भविष्यकाळ वापरला. माणसाचा तो 'होवो', देवाचा तो 'होईल'. हे मला कळलं तेव्हा मी पोळपाटावर लाटणं ठेवून पाच मिनिटं तशीच उभी होते, खरं सांगते. माझं 'असू दे, असू दे' यात कुठे बसतं याचा विचार तेव्हा सुरू झाला, त्यावर येते नंतर.

मग मी जरा बाहेरही डोकावले, म्हणजे बाकीच्यांकडे उपासनेत आशीर्वादाचं काय करतात ते वाचत बसले. गुरुजी म्हणाले होते ना, मी कुठे देतो, तेच ज्यू लोकांच्या तोरा या धर्मग्रंथामध्ये शब्दशः सापडलं. त्यात पुरोहितांनी लोकांना काय म्हणायचं ते ठरवून दिलंय, तीनच ओळी, मूळ हिब्रूत पहिल्या ओळीत तीन शब्द, दुसरीत पाच, तिसरीत सात, अशी हळूहळू रुंद होत जाणारी. देव तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो, अशी सुरुवात. आणि लगेच खाली देवाचं वाक्य आहे की त्यांनी माझं नाव लोकांवर ठेवायचं, आशीर्वाद मी देईन. बघा, इथेही पुरोहिताकडे 'देवो' आणि देवाकडे 'देईन'! दोन भाषा, दोन धर्म, मध्ये हजारो मैल, आणि वाटणी तीच. (हिब्रू मला येत नाही, भाषांतरावरून बोलतेय, तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्या.)

सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, हा आशीर्वाद देणारे, ज्यांना कोहेन म्हणतात, ते स्वतःहून पुढे येऊन सुरू करत नाहीत. त्यांना हाक मारली जाते. मग प्रार्थना चालवणारा एकेक शब्द सांगतो आणि ते त्याच्या मागून तो म्हणतात, डोक्यावरून शाल ओढून, दोन्ही हातांची बोटं विशिष्ट पद्धतीने फाकवून. स्टार ट्रेक मालिकेतल्या स्पॉकचा तो प्रसिद्ध हात इथूनच आलाय, तो नट लहानपणी सिनेगॉगमध्ये चोरून बघत होता. समोरच्यांनीही त्या हातांकडे टक लावून बघायचं नाही अशी रीत आहे. म्हणजे देणाऱ्याचा चेहरा झाकलेला, शब्द दुसऱ्याने सांगितलेले, आणि घेणाऱ्याची नजर खाली. त्यात त्या माणसाचा स्वतःचा म्हणून काही उरूच द्यायचा नाही अशी पक्की तजवीज केलेली दिसते. एकच अट त्याच्या स्वतःकडून आहे. आधी तो जे म्हणतो त्यात शब्द आहे, प्रेमाने. आशीर्वाद प्रेमाने द्यायची आज्ञा आहे. आणि समोर हजार माणसं असली तरी ते 'तुम्हाला' म्हणत नाहीत, मूळ शब्द एकवचनी आहे, 'तुला'.

१९७९ साली जेरुसलेमजवळच्या एका जुन्या थडग्यात पुरातत्त्वज्ञ गॅब्रिएल बर्काय यांच्या टीमला चांदीच्या पत्र्याच्या दोन बारीक गुंडाळ्या सापडल्या. उलगडल्यावर मोठी साधारण दहा सेंटीमीटर, धाकटी जेमतेम चार. उलगडायलाच तीन वर्षं लागली. आत हेच शब्द कोरलेले, सुमारे २६०० वर्षांपूर्वीचे, कुणीतरी बहुतेक ताईत म्हणून अंगावर बाळगलेले. चांदी बंद गुंडाळी करून घातलेली, म्हणजे आतलं वाचता येणार नाही हे माहीत असून. ज्याच्या अंगावर होती त्यानेही ती कधी वाचली नसणार. मला माझी पन्नास वेळा ऐकलेली आणि न ऐकलेली पुण्याहवाचनं आठवली आणि जरा बरं वाटलं.

आता एक प्रश्न जो मला बरेच दिवस टोचतोय. आशीर्वाद म्हणजे मान्यता का? आपल्याकडे सर्रास तसंच धरतात, 'आईवडिलांचा आशीर्वाद नाही' म्हणजे लग्नाला परवानगी नाही. पण महाभारतात युद्ध सुरू व्हायच्या आधी युधिष्ठिर चिलखत उतरवून, पायी चालत, शत्रूच्या सैन्यात शिरतो आणि भीष्माच्या पायाशी जाऊन आशीर्वाद मागतो. भीष्म म्हणतात तू आला नसतास तर मी तुला शाप दिला असता, आणि त्याला जय चिंततात. आणि मग पुढचे दहा दिवस त्याच्याच सैन्याची कत्तल करतात. जय चिंतून! हे मला आधी ढोंग वाटायचं, आता नाही वाटत तितकं. दुसऱ्या टोकाला गांधारी आहे. दुर्योधन अठरा दिवस रोज येऊन आईकडे जयाचा आशीर्वाद मागत होता, आणि ती रोज काय म्हणायची, 'यतो धर्मस्ततो जयः'. जिथे धर्म तिथे जय. हे वाक्य आपण कोर्टाच्या भिंतीवर किंवा बोधचिन्हावर वाचतो तेव्हा भारदस्त वाटतं, पण ते एका आईने पोटच्या मुलाला म्हटलंय, जो आज संध्याकाळी परत येईल की नाही माहीत नाही त्याला. तिने नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. डोक्यावर हात ठेवला असेल का तिने ते म्हणताना? मला वाटतं ठेवला असेल.

हाच वाद कॅथलिक चर्चमध्ये अलीकडेच केवढा पेटला. मार्च २०२१ मध्ये व्हॅटिकनने सांगितलं की समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देता येणार नाही, आणि १८ डिसेंबर २०२३ ला त्याच व्हॅटिकनने सांगितलं की देता येईल, पण लग्नाच्या विधीसारखा दिसता कामा नये, उपासनेचा भाग नको आणि त्यातून त्यांच्या नात्यावर शिक्का मारला असं होता कामा नये. पुढे खुलासा केला तेव्हा तर दहा-पंधरा सेकंदांचा आशीर्वाद असं सेकंदांत मोजून सांगितलं. आफ्रिकेतल्या बिशपांनी तरीही आमच्याकडे हे जमणार नाही म्हटलं. मला बाजू घ्यायची तर मी मागणाऱ्यांची घेईन. कारण मला त्यात एक गोष्ट दिसते, की जो माणूस आशीर्वाद मागायला आलाय तो सर्टिफिकेट मागायला आलेला नसतो. तो म्हणतोय माझं एकट्याने भागत नाही. ज्याला स्वतःबद्दल फार खात्री असते तो कशाला वाकेल कुणापुढे. पण दहा सेकंद हे वाचून हसूही आलं आणि वाईटही वाटलं. आपल्याकडचं 'असू दे, असू दे' तर दोन सेकंदांतच संपतं म्हणा.

बरं, याने होतं काय, हा प्रश्न आहेच. तो सगळ्यात सरळ बुद्धांनी विचारला. विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, गोष्ट आहे, प्रवचन चालू असताना बुद्धांना शिंक आली. भिक्खूंनी एकच कल्ला केला, भगवान जगोत, भगवान जगोत. एवढा की प्रवचनच थांबलं. बुद्धांनी विचारलं, कुणी शिंकल्यावर 'जगो' म्हटलं तर त्या म्हणण्याने तो जगतो किंवा मरतो का? भिक्खू म्हणाले, नाही. मग म्हणू नका. झाला नियम. इथे गोष्ट संपली असती तर मी त्यांचा नुसता आदर केला असता. पण पुढे असं झालं की भिक्खू शिंकले की साधे संसारी लोक त्यांना म्हणायचे, जगा भन्ते, आणि भिक्खू नियमाप्रमाणे गप्प. लोक कुरकुरायला लागले, की हे कसले साधू, चांगलं चिंतलं तर उत्तरही देत नाहीत. बुद्धांपर्यंत गेलं. तेव्हा ते म्हणाले, गृहस्थांना मंगल प्रिय असतं, ते म्हणाले जगा तर तुम्ही उत्तर द्या, 'चिरं जीव'. मला ही दुसरी परवानगी पहिल्या बंदीपेक्षा मोठी वाटते. त्याने आयुष्य वाढत नाही हे माहीत आहे, तरीही म्हणा. समोरच्याने हात पुढे केलाय आणि तो तसाच ठेवायचा नसतो.

नमाजाचा शेवट असाच आहे, मान उजवीकडे वळवून सलाम आणि डावीकडे वळवून सलाम, तुमच्यावर शांती आणि ईश्वराची कृपा असो. म्हणजे इतका वेळ फक्त देवाशी बोलत असलेला माणूस देवासमोरून उठताना शेजाऱ्याला आशीर्वाद देऊन उठतो. पदवी लागत नाही, वय लागत नाही, पहिल्या रांगेतला आणि शेवटच्या रांगेतला सारखेच देतात आणि सारखेच घेतात. आत्या आठवली मला इथे परत.

हे सगळं एक, आणि आता जे सांगतेय ते एक. आशीर्वाद वरून खाली येतो, देवाकडून माणसाकडे, मोठ्याकडून लहानाकडे, असं आपण धरून चालतो ना? तर तालमूदमध्ये, म्हणजे ज्यूंच्या धर्मचर्चेच्या जुन्या ग्रंथात, एक विलक्षण प्रसंग आहे. रब्बी इश्माएल बेन एलिशा सांगतात की मी एकदा मंदिराच्या अगदी आतल्या गाभाऱ्यात धूप जाळायला गेलो तर समोर देव सिंहासनावर बसलेला. आणि तो मला म्हणाला, इश्माएल, बाळा, मला आशीर्वाद दे. देव म्हणाला! आणि यांनीही दिला, की तुझी करुणा तुझ्या रागाला जिंको. देवाने मान डोलावली. त्या प्रसंगाखाली तालमूद एवढंच म्हणतो की साध्या माणसाचा आशीर्वाद हलका समजू नका.

दक्षिणेत पेरियाळवार या वैष्णव संतकवींची गोष्टही हीच. मदुरेला पांड्य राजाने त्यांची हत्तीवरून मिरवणूक काढली, ती बघायला प्रत्यक्ष विष्णू गरुडावर बसून आले, आणि यांना आनंद व्हायच्या ऐवजी काळजी वाटली, एवढं देखणं रूप असं उघड्यावर, दृष्ट लागली म्हणजे? म्हणून त्यांनी हत्तीच्या गळ्यातल्या घंटा वाजवत देवालाच दीर्घायुष्य चिंतलं, खूप वर्षं, खूप खूप वर्षं, हजारो वर्षं. बारा कडव्यांचं ते गाणं वैष्णव मंदिरांमध्ये अजून म्हणतात. जो अनादि अनंत त्याला औक्षवंत हो म्हणायचं! आणि आपण तरी वेगळं काय करतो? ओवाळतो. ओवाळणं म्हणजे दृष्टच काढणं की. वर 'जय देव जय देव' म्हणतो, आणि संस्कृतात 'जय' हे आज्ञार्थी रूपही आहे, म्हणजे अर्थ होतो देवा, तू जिंक. मी चाळीस वर्षं टाळ्या वाजवत देवाला आशीर्वाद देत होते आणि पुतण्याच्या बायकोला द्यायची वेळ आली तेव्हा माझी ततपप झाली.

'असू दे'चं राहिलं. तर 'असू दे' म्हणजे शब्दशः काय? असो. तथास्तु मधलं 'अस्तु' म्हणजेच असू दे. हे लक्षात आल्यावर मी जरा स्वतःला माफ केलं. मी टाळत होते तेव्हाही तोंडातून नेमका तोच शब्द निघाला होता जो द्यायला हवा होता, फक्त सूर चुकीचा होता.

माझी आई आता माझ्याकडे असते. चौऱ्याऐंशी पूर्ण. विस्मरणाचा आजार आहे, गेलं वर्षभर ती मला ओळखत नाही, काही दिवस मी तिला शेजारीण वाटते, काही दिवस तिच्या शाळेतल्या बाई. पण कुणीही वाकलं की तिचा हात आपोआप वर येतो आणि तोंडातून येतं, 'औक्षवंत हो'. नाव गेलं, नातं गेलं, हे राहिलंय. फिजिओथेरपीला येणारा मुलगा तिच्या पायाचा व्यायाम घ्यायला खाली बसतो तर त्यालाही रोज मिळतो. एकदा दिवा लावून मी नमस्कार केला तर म्हणाली, "औक्षवंत व्हा". व्हा. 'हो' नाही. जन्मात पहिल्यांदा आईने मला अहोजाहो केलं. त्या एका 'व्हा'वर मी बाथरूममध्ये जाऊन रडले, एरवी सगळं निभावून नेते मी.

आणि परवा संध्याकाळी उलटंच झालं. मी देवासमोरून उठले, मागे वळले, तर ती भिंतीला धरून उभी होती. मी थांबायच्या आत ती वाकायला लागली. माझ्यासमोर. कुणी मोठी बाई वाटले असेन तिला. गुडघे दुखतात म्हणून अर्ध्यातच अडकली, एक हात माझ्या साडीला, दुसरा हवेत. असू दे, असू दे माझ्या जिभेवर आलं होतं. आणि मग काय म्हणायचं? औक्षवंत हो म्हणू? चौऱ्याऐंशी वर्षांच्या, रात्र रात्र घाबरून जागणाऱ्या बाईला आणखी आयुष्य चिंतू? मला तेवढा धीर नव्हता. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. केस इतके विरळ झालेत की खालची कातडी गरम लागली.

"तुम्हाला शांत झोप लागो," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, आणि "आता मला जरा उठवा हो".